लेकीच्या ब्लॉगातली विहीणबाई

माझी लेक कॅनडात राहून पैशांवर लिहायची आणि लिहिताना ऊठसूट सासूचे गोडवे गायची. मला ते सहन व्हायचं नाही. पुढे मी काही शहाणपणाचं सांगेन, मन मोठं केलं वगैरे, असं कुणाला वाटत असेल तर आधीच सांगते, आजही सहन होत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. हे गेल्यावर मुलाने मला न्यू जर्सीला आणलं. आयसेलिनच्या आपल्या लोकांच्या दुकानांपासून जवळच त्याचं अपार्टमेंट होतं. मुलगी लग्न होऊन टोरांटोच्या बाजूला गेलेली. आमच्यात आईने म्हातारपण मुलाकडे काढायचं आणि मुलीकडे चार दिवस पाहुणी म्हणून जायचं. मुलीच्या घरी तिची सासू असते. ही रीत मी जन्मभर पाळली आणि दुसऱ्यांनाही पाळायला लावली. तिचा फटका मलाच बसेल हे कुठे माहीत होतं? लेकीचा सकाळचा चहा, तिची आजारपणं, तिच्या गप्पा, सगळं त्या दुसऱ्या बाईच्या वाट्याला गेलं. माझ्या वाट्याला रविवारचा फोन.

विहीणबाई नागपूरच्या. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. स्वतःची पेन्शन, स्वतःचं खातं, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. इंग्रजी पेपर घडी न मोडता वाचायच्या. लग्नात मुलीची आई म्हणून मी त्यांचे पाय धुतले, तेव्हा "अहो, राहू द्या, राहू द्या" म्हणाल्या. पाय मात्र मागे घेतला नाही. ते मी विसरलेले नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास लेकीने ब्लॉग सुरू केला. ब्लॉग म्हणजे काय ते सुनेने मला सांगितलं. "आई, डायरीच असते, फक्त सगळ्यांनी वाचायची."

"मग ती डायरी कसली? चावडीवर लावलेली नोटीस ती," मी म्हटलं.

पैसे कसे साठवावे, कुठे गुंतवावे, निवृत्तीचं खातं कसं उघडावं, म्युच्युअल फंडवाले फी कशी कापतात, असं सगळं तीत असायचं, आणि ते सगळं कॅनडातल्या लोकांसाठी. आमची सून कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. शनिवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसायची आणि मी समोर मेथी नाहीतर शेपू निवडत बसायचे. ती अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत वाचून दाखवायची आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "पण आपल्याला यातलं अर्धं अप्लायच होत नाही. तिकडचे रूल्स वेगळे."

तरी वाचायची. आणि त्यात दर आठवड्याला विहीणबाई असायच्याच.

एकदा लेक सासूला घेऊन तिथल्या बँकेत गेली. बँकेतल्या माणसाने गुळगुळीत कागदांवरची रंगीत चित्रं दाखवून कुठल्याशा फंडाची तारीफ केली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात तुमचं किती?" माणूस हसला आणि पुन्हा नफ्याचं सांगायला लागला. सासूबाईंनी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने आकडा सांगितला आणि सासूबाई पर्स उचलून उठल्या. लेकीने लिहिलं होतं, अख्ख्या एमबीएमध्ये मी जे शिकले नाही ते माझ्या सासूने मला पार्किंग लॉटपर्यंत चालता चालता शिकवलं.

"मस्त आहेत ना त्या," सून म्हणाली.

"बँकेत उभा जन्म काढला. एवढं तरी यायला नको?" मी म्हटलं आणि मेथीच्या काड्याही भाजीत टाकल्या.

माझं दुखणं दुहेरी होतं, ते सांगते. जगातल्या सुना सासवांना नावं ठेवतात, हे मी लहानपणापासून बघत आले. त्यात मला काही वावगं वाटत नाही, मीही ठेवली. पण माझीच लेक अशी निघाली की सासूचं कौतुक साऱ्या कॅनडाला सांगते. बरं, सासूचं कौतुक करायची नवी पद्धत निघाली म्हणावं, तर मीही कुणाची सासू होतेच. माझ्या सुनेने माझ्याबद्दल कुठे एक ओळ लिहिली? तिच्या मैत्रिणी आल्या की "आई पोळ्या खूप छान करतात" एवढं म्हणायची. पोळ्या! म्हणजे आई म्हणूनही मी रिकामी आणि सासू म्हणूनही रिकामी.

माझी इच्छा एवढीच होती. लेकीने एकदा लिहावं, हे मला माझ्या आईने शिकवलं. एकदाच. मी ते तोंडाने कधी मागितलं नाही. असल्या गोष्टी मागायच्या नसतात.

पुढच्या वर्षी लेकीचा फोन आला तो ओरडतच. पैशांवर लिहिणारा तिकडचा कुणी मोठा माणूस होता, त्याचं हजारो लोक वाचायचे म्हणे. त्याने एक यादी छापली होती, कॅनडातल्या लोकांनी वाचावेत असे पैशांवरचे चांगले ब्लॉग. त्यात लेकीचा ब्लॉग होता. मुलाने फोन स्पीकरवर टाकला. सगळे एकदम बोलायला लागले. मलाही बरं वाटलं. माझंच पोर ते.

"काय लिहिलंय तुझ्याबद्दल?" मी विचारलं.

"एकच ओळ आहे गं. हिशोब नेटके आहेत, पण वाचा ते सासूबाईंसाठी."

पलीकडून विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं. "अहो, हे लोक पण ना, काहीही लिहितात!" असं म्हणत होत्या. माणूस खूश असला की आवाज कसा होतो, ते मला कळतं. मी साखरेचा डबा आत ठेवला. शिरा करणार होते, तो केला नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात लेक, जावई आणि विहीणबाई मोटारीने आमच्याकडे आले. विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरी येत होत्या, तेव्हा त्यांचा मान करणं आलं. पाट, रांगोळी, पुरण, सगळं मी केलं. मनात काहीही असो, रीतीत मी कमी पडत नाही. दुसऱ्या दिवशी साडी घ्यायला त्यांना ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या दुकानांत नेलं. मुलाने आम्हा दोघींना दुकानाशी सोडलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिला.

दुकानदार गुजराती. "आओ मासी, बैठो," म्हणून त्याने गादीवर ढीग घातला. विहीणबाईंनी चष्मा लावला आणि साडीच्या आधी किमतीची चिठ्ठी बघितली.

"अहो, नका हो घेऊ. हीच साडी नागपुरात निम्म्यात मिळेल."

"विहीणबाई, मान असतो तो."

"मान असतो हो, पण तो डॉलरमध्ये कशाला?"

दुकानदाराला मराठी येत नसावं, पण तो हसला. मी एकामागून एक साड्या पुढे केल्या, त्या एकामागून एक बाजूला सारत होत्या. शेवटी मी म्हटलं, "मला देऊ तर द्या काही. बाकी माझं तुमच्या घरात काय आहे?"

माझ्या तोंडून ते निघून गेलं. विहीणबाईंनी चष्मा काढला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगू? ते खिशाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिने काही तुम्हाला कमी लेखायला नाही लिहिलं."

"कुठला खिसा?"

मला माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. बँकेत एवढी वर्षं काढलेली बाई, पण गडबडली. समोरची हिरवी साडी उचलून म्हणाल्या, "ही बरी आहे, नाही का? हीच द्या." चिठ्ठी बघितली नाही. ढिगातली सगळ्यात महाग साडी होती ती. मी पैसे मोजून दिले. मुलाने सकाळीच हातात दिले होते.

घरी आल्यावर लेक आणि जावई बाहेर गेलेले, विहीणबाई आडव्या झालेल्या. मी सुनेला गाठलं. "खिशाचं काय लिहिलंय तिने? काढ आणि वाच."

"आई, जाऊ द्या ना. जुनं आहे ते."

"तुला माहीत होतं?"

"उगाच घरात कटकट नको म्हणून नाही वाचलं," ती म्हणाली. निदान खरं तरी बोलली.

तो ब्लॉगवरचा पहिलाच मजकूर होता. सुनेने खाली मान घालून वाचला, या वेळी सगळा मराठीत. लेकीने लिहिलं होतं, माझ्या आईला रोज सकाळी वडिलांकडे भाजीपुरते पैसे मागावे लागायचे. वडील वाईट नव्हते. शर्टाच्या खिशातून काढून मोजून द्यायचे आणि संध्याकाळी उरलेली मोड परत मागायचे. आई ती ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवायची, त्यांच्या हातात द्यायची नाही. मी दारात उभी राहून बघायचे. तेव्हाच ठरवलं की माझे पैसे माझ्या नावावर असतील. हे सगळं मी त्यासाठी लिहिते आहे.

म्हणजे मी त्यात पहिल्यापासून होते. वर्षभर मी वाट बघत होते आणि होते मी तिथेच. कौतुक विहीणबाईंच्या वाट्याला आलं, माझ्या वाट्याला कीव. तेव्हा मला विहीणबाईंचा आला त्याहून जास्त राग कुणाचा आला असेल तर लेकीचा.

संध्याकाळी ती भांडी पुसायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी विषय काढला.

"खोटं लिहिलंय का मी?" ती म्हणाली.

"खरं आहे म्हणून चव्हाट्यावर मांडायचं?"

"अगं आई, कुणाला माहितीये तू कोण? नाव कुठे आहे?"

"नाव सासूचंही नाही. तरी तिच्यासाठी लोक वाचतात."

तिने फडकं खाली ठेवलं. "म्हणजे तुला खिशाचा राग नाही आलेला. तुला राग आलाय तो तिचा."

"दोन्हीचा आलाय. मी तुला काहीच शिकवलं नाही? जुन्या चादरीच्या पिशव्या कुणी शिवल्या? तुझ्या फ्रॉकची शिवण दर वर्षी कोण उसवून वाढवत होतं? सायीचं तूप..."

"ती काटकसर झाली, आई. गुंतवणूक नाही."

"गुंतवायला आधी हातात काही लागतं."

"तेच तर लिहिलंय मी," ती म्हणाली.

विहीणबाई तेवढ्यात पाणी प्यायला आल्या आणि आम्ही दोघी एकदम डिंकाच्या लाडवांवर बोलायला लागलो. निघताना मी त्यांची ओटी भरली. हिरव्या साडीवर नारळ ठेवला. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. वयाने त्या माझ्यापेक्षा लहान आहेत, पण मुलाकडच्या. असं कुणी करत नाही. मला तेही आवडलं नाही. म्हटलं, मोठेपणातही हिला पुढेच राहायचंय.

आमच्याच इमारतीत पुण्याचं एक जोडपं होतं, दोघंही नोकरीवर. त्यांचं तान्हं बाळ मी दिवसा सांभाळायचे. नातवंडं शाळेत गेली की घर खायला उठायचं. त्या बाळाची आई दर शुक्रवारी "काकू, हे राहू द्या" म्हणून पाकीट हातात द्यायची. पाकीट मी न उघडता मुलाच्या टेबलावर ठेवायचे. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप तिकडे जायचा. आधी खिशातून पैसे यायचे आणि मोड परत जायची. आता माझे स्वतःचे पैसे यायचे आणि तेही परत जायचे. लेकीचा तो मजकूर ऐकला, त्यानंतरच्या शुक्रवारी हात टेबलापर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला.

"मला बँकेत ने," मी मुलाला म्हटलं.

"कशाला? हवे ते सांग ना, मी देतो."

"तू देतोस म्हणूनच."

तो चावी घेऊन निघाला. ग्रीन कार्ड होतंच माझ्याकडे. बँकेतल्या काळ्या पोरीने कागद पुढे केले, मी मराठीत सही केली. तिने सही उलटसुलट करून बघितली आणि सुंदर आहे असं म्हणाली, ते मला मुलाने सांगितलं. मी त्याला म्हटलं, "यात तुमचं किती, ते विचार तिला." साध्या बचत खात्याला फी नव्हती. पण विचारायचंच होतं मला.

लेकीला लगेच सांगितलं नाही. रक्कम जरा दिसण्यासारखी होऊ दे म्हटलं. तोवर दोन हजार आठचा पावसाळा संपला, म्हणजे आपल्या गावाकडच्या हिशोबाने. इथे झाडं लाल झाली होती आणि शेअर बाजार कोसळला होता. मुलगा टीव्हीसमोरून हलेना. सुनेच्या कंपनीतून माणसं काढत होते. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मला त्यांची काळजी होतीच. पण मनात एक प्रश्न सारखा वर यायचा, तो शनिवारी मी सुनेला विचारलाच. "विहीणबाईंचे किती गेले?"

सुनेने लॅपटॉप उघडला. विहीणबाईंचे जवळजवळ निम्मे गेले होते. मला बरं वाटलं. लपवत नाही. पण सून पुढे वाचत गेली. लेकीने लिहिलं होतं, सासूबाईंनी आकडा बघितला, चहात साखर घातली आणि म्हणाल्या, भाजी स्वस्त झाली की आपण मंडईतून पळून येतो का? दोन पिशव्या जास्त घेतो. त्यांनी काहीही विकलं नाही. खाली लोकांनी वाहवा केली होती.

पैसे आले तेव्हा कौतुक, बुडाले तरी कौतुक! असं नशीब घेऊन माणसं येतात कुठून?

मी तिथल्या तिथे फोन लावायला सांगितला. "माझं खातं आहे," लेकीला म्हटलं. "माझ्या नावावर. बाळ सांभाळून साठवलेत. सगळ्यांचे बुडाले, माझा एक पैसा कमी झाला नाही."

ती म्हणाली, "आई, कॅश घेतेस? टॅक्स भरतेस का त्याच्यावर?"

पहिला प्रश्न हा! "तुझा भाऊ बघतो ते. तू लिही."

"काय लिहू?"

शेवटी मागावंच लागलं. "माझं लिही. चांगलं."

"अगं, माझा ब्लॉग कॅनडातल्या लोकांसाठी आहे. तू अमेरिकेत. अकाउंट वेगळी, रूल्स वेगळे. लोक म्हणतील, याचा आम्हाला काय उपयोग?"

"विहीणबाई मंडईत भाजी घेतात, त्याचा उपयोग होतो का लोकांना?" मी म्हटलं आणि फोन सुनेच्या हातात दिला.

नाताळच्या सुट्टीत एका सकाळी सून म्हणाली, "आई, या. आलंय तुमचं." मी हात पुसून बसले. "सगळं वाच. एक अक्षर गाळलंस तर बघ."

तिने वाचलं. ही गोष्ट कॅनडातली नाही, तेव्हा नियम विचारू नका, अशी सुरुवात होती. मग माझं खातं, मराठीतली सही, फी विचारली तेही. बाजार पडला त्या महिन्यात माझ्या ओळखीच्या सगळ्या माणसांत फक्त माझ्या आईचे पैसे वाढले, व्याजाचे काही सेंट का असेनात, असं लिहिलं होतं. ऐकायला बरं वाटत होतं. मग एक वाक्य आलं. माझी आई कधी कुणाचं कौतुक करत नाही, म्हणून तिचं कौतुक कसं करायचं ते मला शिकायला मिळालं नाही.

हे वाक्य तिने उगाच घातलं. त्याच्याशिवाय मजकूर चांगला होता.

"खाली लोकांनी काय म्हटलंय?"

"छान म्हटलंय," सून म्हणाली.

"वाच."

"एकाने लिहिलंय, गुड फॉर हर. म्हणजे, चांगलं केलं त्यांनी."

"दुसऱ्याने?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. गाळायचं नाही, हे तिला आठवत होतं. "दुसरी बाई आहे. ती विचारतेय, सासूबाई बऱ्या आहेत ना? बऱ्याच दिवसांत त्यांचं काही आलं नाही."

"आणि तिसरा?"

"तोही तेच विचारतोय."

मी मेथीची जुडी पुढ्यात ओढून सोडली. "बंद कर ते," म्हटलं. "आणि फोन लाव विहीणबाईंना. ती हिरवी साडी एकदा तरी नेसल्या की नाही, ते विचारायचंय मला."